विमा नसलेली तीन वर्षे

परदेशी राहणाऱ्या माणसाला गावाकडची मंडळी तिकडच्या थंडीविषयी विचारतात, पगाराविषयी विचारतात, जेवणाखाण्याचे कसे काय करता असेही विचारतात. कागदांविषयी कोणी विचारीत नाही. वास्तविक परक्या देशातील माणसाचा अर्धाअधिक जीव कागदांतच गुंतलेला असतो. म्हणून वार्षिकासाठी काहीतरी लिहून पाठव, असा निरोप महाविद्यालयाकडून आला तेव्हा प्रवासवर्णन लिहिण्याऐवजी एका कागदाविषयी लिहावे असे मी ठरविले. हा कागद माझ्यापाशी कधीच नव्हता. तो नसल्यामुळे माझ्या आयुष्यातील तीन वर्षे एका देशाच्या हिशेबातून गळाली, आणि आमच्या घरात एक निर्णय त्यामुळेच वेगळा झाला.

गोव्यातील पुष्कळ घरांप्रमाणे आमच्याही घरात पोर्तुगीज पासपोर्ट आला तो बाबांच्या जन्मामुळे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्यापूर्वी गोवा, दमण आणि दीव येथे जन्मलेल्यांना पोर्तुगालच्या कायद्याने आपले नागरिक मानले आणि त्यांच्या मुलांनाही तो हक्क दिला. बाबांचा जन्म १९४९ चा. त्यांनी स्वतः पासपोर्ट कधी काढला नाही. "मला या वयात कुठे जायचे आहे?" असे ते म्हणत. परंतु लिस्बन येथील मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात आपल्या जन्माची नोंद त्यांनी करून घेतली, ती ताईसाठी आणि माझ्यासाठी. बाबा मराठी प्राथमिक शाळेत मास्तर होते. पत्र्याच्या पेटीत त्यांनी जुने दाखले जपून ठेवले होते. त्या दाखल्यांत आमच्या घरातील माणसे ओळखू येत नसत. पोर्तुगीज दप्तरात कामताचा कामोतिम झाला होता, प्रभूचा पोरोबो आणि शेणव्याचा सिनाय. आजोबांचे नाव तीन दाखल्यांत तीन तऱ्हेने लिहिलेले. ती तिन्ही माणसे एकच, हे सिद्ध करण्यात आमचे एक वर्ष गेले. कागद माणसाला कसा छळू शकतो याचा तो पहिला धडा होता. त्या काळात बाबा एकच वाक्य वरचेवर म्हणत, "कागद सांबाळून दवर गो." घरात आम्ही कोकणी बोलतो, त्यांचे हे वाक्य मराठीत आणले तर त्यातला सूर जाईल म्हणून तसेच लिहिते.

२००९ च्या सप्टेंबरात ताई आणि मी इंग्लंडमध्ये स्विंडन या गावी पोहोचलो. पोर्तुगाल १९८६ पासून युरोपीय समूहात आहे, आणि ब्रिटन त्यावेळी युरोपीय संघात होता. त्यामुळे पोर्तुगीज पासपोर्ट असलेल्या माणसाला व्हिसाशिवाय तेथे राहता येई, काम करता येई. स्विंडन हे मूळ रेल्वेचे गाव. रेल्वेचा कारखाना १९८६ मध्ये बंद झाला, पण मालाची मोठमोठी गोदामे आसपास उभी राहिली. त्या गोदामांत काम करणाऱ्या गोवेकरांची मोठी वस्ती तेथे आहे. बहुतेक ख्रिस्ती, आमच्यासारखी हिंदू घरे थोडी. परंतु सुके बांगडे आणि कोकम कोणत्या दुकानात मिळते, हे सर्वांना सारखेच ठाऊक.

ताई आणि मी एकाच गोदामात कामाला लागलो. पहिल्याच महिन्यात शेजारणीने आम्हांला जवळच्या डॉक्टरकडे नेऊन नाव नोंदवायला लावले. तेथे दवाखान्याला 'सर्जरी' म्हणतात. पहिल्यांदा ऐकून ताई घाबरली होती. खिडकीतल्या बाईंनी पत्ता विचारला, एक छापील तक्ता भरून घेतला, आणि काही दिवसांनी आम्हां दोघींना दहा आकडी क्रमांक असलेली पत्रे आली. पैसे भरावे लागले नाहीत. ५ जुलै १९४८ पासून ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू आहे. तिचा खर्च मुख्यतः करांतून भागतो, आणि त्या देशात रीतसर राहणाऱ्याला ती उपलब्ध असते. विमा कंपनी नाही, हप्ता नाही, आणि म्हणून विम्याचा दाखलाही नाही. भारतात इस्पितळाच्या दारात अनामत रकमेची चौकशी ऐकलेल्या आम्हांला तो एक चमत्कारच वाटला. मात्र पगारातून दर आठवड्याला 'नॅशनल इन्शुरन्स' या नावाने काही रक्कम कापली जाई. इन्शुरन्स म्हणजे विमा, एवढे इंग्रजी कोणालाही येते. या शब्दाची गंमत पुढे कळली.

तीन वर्षे मी गोदामात काम केले. मला मुलांना शिकवायचे होते, येथून बी. ए. होऊन गेले होते, पण तेथे बालवाडीत उभे राहायचे तर तेथलीच पदवी हवी होती. तीन वर्षे युरोपात राहिल्यामुळे फीच्या बाबतीत मला तेथल्याच विद्यार्थ्यांप्रमाणे धरण्यात आले. २०१२ च्या सप्टेंबरात मी बालशिक्षणाच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला नाव घातले. अभ्यासाबरोबर बालवाडीत विनावेतन उमेदवारी करावी लागे, त्यामुळे नोकरी करणे शक्य नव्हते. नाताळच्या सुटीत तीन-चार आठवडे गोदामात जाई तेवढेच. साठवलेले पैसे होते, आणि घरभाडे ताई देई. २०१५ च्या जूनमध्ये परीक्षा झाली आणि जुलैत मी एका बालवाडीत शिक्षिका म्हणून रुजू झाले. या तीन वर्षांत मी डॉक्टरकडे गेले असेन चार वेळा. एकदा कानाचे दुखणे झाले, एकदा बालवाडीतील मुलांकडून आलेली खोकल्याची साथ. ताई ज्या दवाखान्यात जाई त्याच दवाखान्यात, त्याच बाकावर बसून, मी औषधाची चिठ्ठी घेतली.

२३ जून २०१६ रोजी ब्रिटनमध्ये सार्वमत झाले आणि युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूने कौल लागला. दुसऱ्या दिवशी गोदामात, बसथांब्यावर, चर्चच्या आवारात, सर्वत्र एकच विषय होता. आपले काय होणार? जाणती माणसे सांगू लागली की, पाच वर्षे सलग झालेल्यांना कायद्यानेच कायम वास्तव्याचा हक्क मिळालेला असतो, फक्त त्याचा दाखला काढून ठेवा. हे खरे होते. युरोपीय संघाने २९ एप्रिल २००४ रोजी आपल्या नागरिकांच्या संचाराविषयी एक निर्देश काढला होता. पाच वर्षे कायदेशीर रीतीने राहिलेल्या नागरिकाला कायम वास्तव्याचा हक्क त्याच्या सोळाव्या कलमात दिलेला आहे. दाखल्याची फी ६५ पौंड आणि अर्ज ८५ पानांचा. पंच्याऐंशी पाने! आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या पुस्तकालाही इतकी पाने नव्हती.

ताईने आधी अर्ज केला. तिच्यापाशी २००९ पासूनच्या पगाराच्या चिठ्ठ्या होत्या, आणि दरवर्षी मालकाकडून मिळणारा 'पी सिक्स्टी' नावाचा तक्ता होता. बाबांचे वाक्य तिने शब्दशः पाळले होते. काही महिन्यांत तिला दाखला आला. आम्ही त्या दिवशी शिरा केला.

मग मी माझा अर्ज घेऊन बसले. आठ वर्षे होत आली होती; पाच वर्षांची अट माझ्या दृष्टीने केव्हाच ओलांडली गेली होती. अर्जात प्रत्येक काळासाठी वेगळा विभाग होता. नोकरी करीत असाल तर हा विभाग भरा, स्वतःचा धंदा असेल तर तो, विद्यार्थी असाल तर पलीकडचा. नोकरीच्या विभागात विम्याविषयी एक अक्षर नव्हते. विद्यार्थ्यांच्या विभागात मात्र विचारले होते की, त्या काळात तुमचा सर्वंकष आजारपण विमा होता का? असल्यास पुरावा जोडा.

मी दवाखान्याकडून आलेले ते दहा आकडी क्रमांकाचे पत्र काढून ठेवले होते. तोच पुरावा, असे कोणालाही वाटले असते. परंतु ब्रिटिश गृहखात्याच्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटले होते की, सरकारी आरोग्यसेवेचा लाभ म्हणजे विमा नव्हे. प्रवासाचा विमा चालणार नाही, आणि दात-चष्म्याच्या खर्चाचा काही भाग परत देणाऱ्या योजनाही चालणार नाहीत. आणि पगारातून कापला जाणारा तो नॅशनल इन्शुरन्स? नावात विमा असला तरी या कामासाठी तो विमा नव्हता.

हा नियम आला कोठून हे समजून घेण्यासाठी मी त्या हिवाळ्यात गावच्या वाचनालयात पुष्कळ संध्याकाळी बसले. निर्देशाच्या सातव्या कलमात लोकांचे गट पाडलेले आहेत. नोकरी करणारा किंवा धंदा करणारा माणूस कोणत्याही अटीशिवाय राहू शकतो, कारण तो कर भरतो. जो काही कमावीत नाही, म्हणजे विद्यार्थी किंवा स्वतःच्या शिलकीवर राहणारा, त्याने यजमान देशावर भार होऊ नये. म्हणून त्याच्यापाशी पुरेसा पैसा आणि सर्वंकष आजारपण विमा असला पाहिजे. हेतू समजण्यासारखा आहे. घोटाळा झाला तो देशादेशांतील आरोग्यव्यवस्थांच्या भेदामुळे. जर्मनीत १८८३ साली बिस्मार्कच्या काळात कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचा कायदा झाला; तेथे आजही माणूस कोणत्या ना कोणत्या विमानिधीचा सभासद असतो आणि सभासदत्वाचा दाखला खिशातून काढून दाखवू शकतो. विमा हा शब्द अशा देशांत चपखल बसतो. ब्रिटनने विम्याची वाटच सोडून करांतून चालणारी सेवा उभी केली. जेथे कोणापाशीच विम्याचा दाखला नसतो, तेथे परक्याकडे तो मागितला जात होता.

गृहखात्याचा युक्तिवाद असा की, सरकारी सेवा वापरणे हाच तो भार; तेव्हा भार पडू नये म्हणून मागितलेल्या विम्याची जागा तीच सेवा कशी घेईल? तर्क म्हणून यात काही चूक काढता येत नाही. पण युरोपीय आयोगाला तो पटला नव्हता. २०१२ च्या एप्रिलमध्ये आयोगाने ब्रिटनला या आणि अशा काही नियमांबद्दल रीतसर समज दिली होती. त्याच वर्षी मी महाविद्यालयात नाव घातले. २०१४ मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने मात्र सरकारची बाजू उचलून धरली. वरच्या पातळीवर असा वाद चालू असताना दवाखान्याच्या खिडकीत किंवा महाविद्यालयाच्या कचेरीत त्याचा मागमूस नव्हता. तेथे सर्वजण हसतमुखाने सांगत, तुमचे नाव नोंदले आहे, आता काळजी नको.

यातून वाट काढण्याचा मी पुष्कळ विचार केला. युरोपातील इतर देशांतून आलेल्या विद्यार्थ्यांना आपल्या देशाचे आरोग्य-विमा कार्ड दाखविता येई. जर्मनीहून आलेल्या माझ्या वर्गमैत्रिणीपाशी ते होते आणि तिची वर्षे मोजली जाणार होती. पण ते कार्ड पासपोर्ट पाहून मिळत नाही. ज्या देशाच्या आरोग्यव्यवस्थेत तुमचा विमा उतरलेला असतो तो देश ते देतो. पोर्तुगालमध्ये मी कधी राहिले नव्हते. लिस्बनच्या दप्तरात माझे नाव होते, तेथल्या कोणत्याही दवाखान्यात नव्हते. दुसरी वाट ताईची. तिच्या पगारावर घर चालत होते, मग मी तिच्या कुटुंबातील म्हणून गणली जाईन का? पत्नी किंवा पती, लहान मुले, अवलंबून असलेले आईवडील, एवढे आपोआप कुटुंबात येतात. बहीण येत नाही. राहता राहिला खाजगी विमा. तो आजपासून पुढच्या काळासाठी विकत घेता येतो. मागच्या तीन वर्षांसाठी विमा विकणारी कंपनी जगात नाही.

हिशेब असा झाला. २००९ ते २०१२ ही तीन वर्षे कामगार म्हणून ग्राह्य. २०१२ ते २०१५ शून्य. आणि शून्य नुसते शून्य नव्हते; पाच वर्षे सलग हवी असल्यामुळे त्याने मागची तीन वर्षेही पुसून टाकली. मोजणी पुन्हा जुलै २०१५ पासून. म्हणजे ताईबरोबर एकाच विमानाने उतरलेली, तिच्याच घरात राहणारी, त्याच डॉक्टरची रुग्ण असलेली मी, तिच्यापेक्षा सहा वर्षांनी नवखी ठरले. मी अर्ज पाठविलाच नाही. ८५ पाने पुन्हा पाकिटात घालून कपाटावर ठेवली.

हे एवढ्यावरच राहिले असते तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. २०१७ च्या पावसाळ्यात बाबांची मूत्रपिंडे निकामी होत चालल्याचे कळले. दिवाळीनंतर आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस सुरू झाले. आईला गुडघ्यांनी उठवत नव्हते. इस्पितळात नेणे, चार तास बसणे, पथ्याचे पाणी मापून देणे, हे तिच्याने होण्यासारखे नव्हते. आम्हां दोघींपैकी एकीने जाऊन राहणे भाग होते, आणि किती दिवसांसाठी हे डॉक्टरही सांगू शकत नव्हते.

खरे पाहता जायला मी हवी होते. बाबांचे आणि माझे विशेष जमे. मी लहान असताना त्यांच्याच वर्गात बसून शिकले. त्यांच्या खडूचा वास अजून माझ्या नाकात आहे. ताई गोदामात आता पर्यवेक्षक झाली होती आणि तिचा पगार माझ्यापेक्षा अधिक होता. घराच्या दृष्टीने तिने राहावे आणि मी जावे हेच सोयीचे. एका रात्री आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोघींचे कागद मांडून बसलो.

कायम वास्तव्याचा हक्क मिळालेला माणूस सलग दोन वर्षांपर्यंत देशाबाहेर राहिला तरी त्याचा हक्क जात नसे. ताई नोकरी सोडून वर्षभर गोव्यात राहू शकत होती. माझी मोजणी मात्र अर्ध्यावर होती. वर्षाला सहा महिन्यांपर्यंतची गैरहजेरी माझ्यासारखीला चालली असती, आणि काही गंभीर कारणांसाठी एकदा बारा महिन्यांची सूटही होती. परंतु वडिलांचे आजारपण त्या कारणांत बसते की नाही, याची हमी द्यायला कोणी तयार नव्हते. शिवाय मी नोकरी सोडली की कामगार राहणार नव्हते. परत येऊन पुन्हा काम मिळेपर्यंत मी कोणत्या विभागात मोडणार? पुन्हा तोच प्रश्न, विमा आहे का? आणि तोवर ब्रिटन युरोपीय संघाच्या बाहेर पडले तर दार उघडे असेल की नाही, हे २०१७ च्या डिसेंबरात कोणी सांगू शकत नव्हते.

ताई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अगो, मीच जाते. तू गेलीस तर परत येताना तुझ्या हातात काय असेल?" मी काही बोलले नाही. कोणी जायचे हा प्रश्न आमच्यासाठी कागदांनी सोडविला होता.

जानेवारी २०१८ मध्ये ताई गेली. मी तिच्या वाट्याचे भाडे भरू लागले आणि दरमहा औषधांचे पैसे पाठवू लागले. फेब्रुवारीत तीन आठवड्यांची रजा मिळाली तेव्हा जाऊन आले. बाबा वाळले होते, पण बोलणे खणखणीत होते. इस्पितळातून परतताना गाडीत ते मला विलायतेतील मुले कोणती गाणी म्हणतात ते विचारीत आणि मी म्हणून दाखवी. निघताना त्यांनी विचारले, "मगे तू केन्ना येतलें?" दिवाळीला येते, असे मी सांगितले. रजेचा हिशेब तसाच बसत होता.

श्रावणात ते गेले. ताई उशाशी होती. मी दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचले.

ताईला मी कधी विचारले नाही, पण तिनेच एकदा सांगितले, की शेवटच्या आठवड्यात बाबा तिला माझ्या नावाने हाक मारीत आणि ती ओ देई.

पुढची हकीगत थोडक्यात सांगते. ब्रिटनने युरोपीय नागरिकांसाठी नवी योजना आणली. ३० मार्च २०१९ रोजी ती सर्वांसाठी खुली झाली. तिच्यात विम्याची अट नव्हती. आरंभी ठेवलेली ६५ पौंडांची फीही रद्द झाली. पाच वर्षे त्या देशात राहिलात एवढे दाखविले की पुरे. ८५ पानांच्या जागी फोनवर पासपोर्ट टेकवायचा, स्वतःचे छायाचित्र काढायचे, आणि नॅशनल इन्शुरन्सचा क्रमांक द्यायचा. करखात्याच्या नोंदी ते स्वतःच पाहत. माझ्या विद्यार्थिदशेतील शेवटच्या वर्षाच्या नोंदी तेथे नव्हत्या, म्हणून महाविद्यालयाचे पत्र जोडले. दोन वर्षांपूर्वी ज्या पत्राची किंमत शून्य होती तेच आता ग्राह्य झाले. काही दिवसांतच मंजुरी आली. या हक्कात सलग पाच वर्षांपर्यंत देशाबाहेर राहता येते. मी ते वाक्य दोनदा वाचले आणि फोन बंद करून ठेवला.

१० मार्च २०२२ रोजी लक्झेंबर्ग येथील युरोपीय संघाच्या न्यायालयाने उत्तर आयर्लंडमधील एका कुटुंबाच्या खटल्यात निकाल दिला. यजमान देशाने एकदा एखाद्याला आपल्या सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेत विनामूल्य सामावून घेतले की, त्याच्यापाशी सर्वंकष आजारपण विमा आहे असेच मानले पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजे दवाखान्याचे ते पत्र पुरावाच होते. त्याच वर्षी ब्रिटनच्या नागरिकत्वाच्या कायद्यातही बदल झाला आणि कायम वास्तव्य मिळालेल्यांच्या मागच्या वर्षांचा हा जुना हिशेब उकरून काढण्याची गरज संपली. मधल्या काळात किती विद्यार्थी, घरी म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या किती बायका, आपली वर्षे हरवून बसल्या असतील! पुष्कळांच्या मुलांचे नागरिकत्वही यात अडकले होते. कारण ब्रिटनमध्ये जन्मलेले मूल जन्मतः ब्रिटिश ठरायचे तर आईबापांपैकी एकजण आधी तेथे कायम झालेला असावा लागतो.

मला राग येत नाही असे म्हटले तर ते खोटे होईल. परंतु राग कोणावर धरायचा? दवाखान्यातील बाई प्रामाणिक होत्या, नियम लिहिणाऱ्यांचा हेतू सरळ होता, न्यायाधीशांनी पुढे आलेला मजकूर वाचून निकाल दिला. त्या सेवेने मला तीन वर्षे खरोखरच सांभाळले. माझा कान बरा केला. फक्त तिने सांभाळले आहे, असा कागद तिला देता येत नव्हता. बाबा सांगत त्याप्रमाणे आम्ही मिळालेला प्रत्येक कागद सांभाळला. कधी दिलाच गेला नाही, तो कागद कसा सांभाळणार?

या महाविद्यालयातील पुष्कळ मुलेमुली परदेशी जाण्याचा विचार करीत असतील. त्यांच्यासाठी दोन गोष्टी लिहून ठेवते. १ जानेवारी २०२१ पासून पोर्तुगीज पासपोर्टावर ब्रिटनमध्ये नव्याने स्थायिक होता येत नाही. त्यालाही आता व्हिसा लागतो. व्हिसावर जाणाऱ्याला, मग तो भारतीय असो वा पोर्तुगीज, सहा महिन्यांहून अधिक मुक्काम असेल तर आरोग्यसेवेचा अधिभार आधीच, सर्व वर्षांचा एकदम भरावा लागतो. २०२४ च्या फेब्रुवारीपासून तो वर्षाला १,०३५ पौंड आणि विद्यार्थ्यांना ७७६ पौंड आहे. रक्कम मोठी आहे, पण पैसे भरल्याची नोंद राहते आणि पुढे कायम वास्तव्य मागताना विम्याचा वेगळा दाखला कोणी मागत नाही. युरोपीय संघाच्या इतर देशांत, आयर्लंड असो, नेदरलँड असो वा जर्मनी, पोर्तुगीज पासपोर्टावर शिकायला जाणाऱ्यांना मात्र तो २००४ चा निर्देश आजही लागू आहे. तेथे पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात विमा उतरवा किंवा सरकारी व्यवस्थेत नाव घाला, आणि त्याचा दाखला तारखेसह लेखी मागून घ्या. देणारा म्हणेल, त्याची काही गरज नाही. तरी मागा.

ताई आता पुन्हा स्विंडनला आहे. गोदामात तिला जुनी जागा मिळाली नाही, खालच्या जागेवरून तिने पुन्हा सुरुवात केली. त्याबद्दल तिने एकदाही तोंडातून शब्द काढला नाही. आई वर्षातून चार महिने आमच्याकडे येऊन राहते, तेव्हा आम्ही न विसरता तिचा प्रवासाचा विमा काढतो. माझ्या वर्गात यंदा सोळा मुले आहेत, नऊ निरनिराळ्या देशांतली. वर्षाच्या आरंभी त्यांचे आईबाप दाखले घेऊन येतात, तेव्हा मूळ कागद मी त्यांच्यासमोर पुन्हा पाकिटात घालून त्यांच्याच हाती देते आणि सांगते, हा नीट ठेवा, आज नाही तरी पुढे कोणीतरी विचारील.